स्लो कुकरमधलं मऊसूत बीफ आणि दाट ग्रेव्ही, पण आधी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा

स्लो कुकरमध्ये, म्हणजे दिवसभर मंद उबेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पाणी घालू नका. म्हणजे अगदी एक कप स्टॉक, हाडं-मांस उकळून काढलेला रस, सोडला तर काहीच नाही. बाकीचं पुढे सविस्तर सांगते, पण घाईत असाल आणि एवढंच वाचून जाणार असाल तरी अर्धं काम झालं, कारण आपल्याकडच्या माणसाचा हात प्रेशर कुकरवर बसलेला असतो, मांस बुडेल एवढं पाणी, पाच-सहा शिट्ट्या, मग झाकण उघडून रस्सा आटवायचा. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, झाकणाला लागते आणि परत आत पडते, वर मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळंच. दीड किलोच्या तुकड्यातून सहज दोन कप रस सुटतो. मी पहिल्यांदा कॅनडात मिसिसागाला आल्यावर तीन कप पाणी घातलं होतं, वर दर तासाला झाकण काढून ढवळत होते, संध्याकाळी नवरा डाव बुडवून म्हणाला, सूप छान झालंय, बीफ कुठे आहे?

आम्ही वसईचे ख्रिस्ती, त्यामुळे घरात बीफ होतंच, आईच्या हातचं बॉटल मसाल्यातलं (आमच्याकडचा बाटल्यांत भरून ठेवायचा मिश्र मसाला), बटाटे घातलेलं. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूचंही बंद झालं, म्हैस-रेड्याचं त्या बंदीत येत नाही, ते वेगळं, त्याबद्दल शेवटी सांगते. इथे कॅनडात जो अख्खा तुकडा मिळतो आणि त्याचा जो रविवारचा रोस्ट करतात तो प्रकार मात्र आमच्यासाठी नवीन होता. ज्यांच्या घरी बीफ चालत नाही त्यांनी लँबचा खांदा घ्या, वेळ थोडा कमी, कुकरच्या लो बटणावर सात-आठ तास, बाकी सगळं हेच.

तुकडा कुठला घ्यायचा

इथेच लोक फसतात. आपल्याला वाटतं चरबी नसलेलं, लालभडक, एकसारखं दिसणारं मांस म्हणजे उत्तम. स्लो कुकरसाठी नेमकं उलटं. जनावराचा जो भाग जास्त चालतो, वजन पेलतो, म्हणजे खांदा, छाती, पायाची नळी, त्यात पांढरट पडदे आणि जाळी असते, ते कोलॅजन. ते साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर हळूहळू विरघळून जिलेटीन होतं, आणि त्याला तास लागतात, मिनिटं नाही. तोंडात घातल्यावर जो ओलसरपणा आणि चिकटसर गुळगुळीतपणा लागतो ना, तो पाण्याचा नसतो, या जिलेटीनचा असतो. मांसाच्या धाग्यांमधलं पाणी तर केव्हाच पिळून बाहेर आलेलं असतं.

म्हणून कॅनडात ब्लेड रोस्ट किंवा क्रॉस रिब, अमेरिकेत चक रोस्ट, इंग्लंडमध्ये ब्रेझिंग स्टेक किंवा ब्रिस्केट मागा. माझं मत विचाराल तर ब्लेड रोस्टला तोड नाही, आत पांढऱ्या रेषा फिरलेल्या दिसायला पाहिजेत, संगमरवरी फरशीसारख्या. राउंड म्हणजे मागच्या मांडीचा भाग स्वस्त असतो म्हणून उचलू नका, आठ तासांनी भुसा खाल्ल्यासारखं लागतं आणि मग दोष बिचाऱ्या कुकरला. टेंडरलॉइन, ज्याला आपण अंडरकट म्हणतो, तेही नको, महाग पडतं आणि यात वाया जातं, ते तव्यावर झटपट करायचं मांस आहे.

सहा माणसांना बिनहाडाचं दीड ते पावणेदोन किलो पुरतं, शिजून बरंच आटतं, म्हणून जास्त वाटलं तरी घ्या. उरलंच तर दुसऱ्या दिवशीचं मी सांगतेच.

बाकीचं सामान

मोठे कांदे दोन, उभे जाडसर चिरून. लसूण आठ पाकळ्या, नुसत्या ठेचलेल्या. टोमॅटो पेस्ट दोन टेबलस्पून, ताजा टोमॅटो नको, त्याचं पाणी सुटतं. कमी मिठाचा बीफ स्टॉक एक कप, म्हणजे २४० मिली. वूस्टरशायर सॉस एक टेबलस्पून, तमालपत्र दोन, थाइमच्या दोन-तीन काड्या असतील तर, नसतील तर राहू दे. गाजरं चार, बटाटे पाऊण किलो, पण बटाटे कमी पिठूळ बघून घ्या, इथे पिवळे किंवा लाल सालीचे मिळतात ते अख्खे राहतात, बेकिंगचे मोठे रसेट घेतले तर ग्रेव्हीत विरघळून जातात. मीठ, जाड कुटलेली मिरी, तेल. ग्रेव्हीसाठी लोणी आणि मैदा तीन-तीन टेबलस्पून, आणि एक चमचा व्हिनेगर.

कुकर सहा क्वार्टचा, म्हणजे साडेपाच-पावणेसहा लिटरचा, पुरे होतो. अर्ध्यापेक्षा रिकामा नको आणि दोन तृतीयांशापेक्षा गच्च भरलेला नको, रिकामा असला की कडेने करपतं, गच्च असला की आत गरम व्हायलाच दुपार होते.

आदल्या रात्री

मांस फ्रोझन असेल तर दीड-दोन दिवस आधी खालच्या कप्प्यात फ्रिजमध्ये काढून ठेवा. गोठलेला गोळा तसाच कुकरमध्ये टाकायचा नाही, हे मी ओरडून सांगते, कारण स्लो कुकर गरमच इतका सावकाश होतो की मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि ४ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान म्हणजे जंतूंची जत्राच.

फ्रिजमध्ये ठेवण्याआधी मीठ चोळा. किलोला दहा ग्रॅम हा माझा हिशोब, म्हणजे पावणेदोन किलोला साधारण तीन सपाट छोटे चमचे बारीक मीठ, स्टॉक खारट असेल तर दोनच. रात्रभरात मीठ आतपर्यंत जातं. सकाळी आठवण झाली तर सकाळी लावा, काही बिघडत नाही, पण ग्रेव्ही खारट आणि मांस अळणी असा प्रकार थोडाफार होतो.

रात्रीच भाज्या चिरून ठेवल्या तरी चालतं, बटाटे पाण्यात. फक्त कुकरचं सिरॅमिक भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवून सकाळी गरम बेसवर ठेवायचं नाही, गार भांड्याला एकदम ऊब लागली की तडा जातो.

सकाळचा अर्धा तास, हाच खरा स्वयंपाक

आमच्याकडे रविवारी साडेदहाची मिस्सा असते, संध्याकाळी साडेसहाला जेवण, त्यामुळे मी साडेआठला गॅसपाशी उभी राहते. सगळं कच्चंच कुकरमध्ये टाकून बटण दाबायचं आणि निघून जायचं, अशा रेसिपी खूप फिरतात. शिजतं, नाही असं नाही. पण कुकरमध्ये काही १०० अंशांच्या वर जात नाही आणि मांसाला तो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे जी चव आधी तव्यावर आणली नाही ती कुकरमध्ये आठ काय अठरा तास ठेवली तरी येणार नाही. आपण नाही का कांदा-खोबरं भाजल्याशिवाय वाटण करत, तसंच.

तर मांस फ्रिजमधून काढून पेपर टॉवेलने अगदी कोरडं पुसा. ओलं असलं की भाजायच्या ऐवजी वाफवतं आणि करडं पडतं. मिरी लावा. बिडाचा तवा किंवा जाड बुडाचं पॅन चांगलं तापू दे, दोन टेबलस्पून तेल, नॉनस्टिक नको. मांस ठेवलं की हात मागे. चार-पाच मिनिटं हलवायचं नाही, उचलून बघायचं नाही, खाली रंग धरला की ते स्वतःच सुटतं. मग दुसरी बाजू, मग कडा चिमट्याने उभ्या धरून. इथल्या घरांत हमखास स्मोक अलार्म वाजतो, आमच्याकडे धाकटीची ड्यूटी ठरलेली आहे, अलार्मखाली टॉवेल फिरवायचा.

मांस ताटात काढा. आच कमी करून त्याच पॅनमध्ये कांदा, आठ-दहा मिनिटं, कडेने लाल होईपर्यंत. मग लसूण अर्धं मिनिट, मग टोमॅटो पेस्ट, ती दोन मिनिटं परता, लाल रंग जाऊन विटेसारखा झाला पाहिजे, कच्ची राहिली तर ग्रेव्हीला डब्याचा वास येतो. आता स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. ते काळपट चिकटलेलं म्हणजे घाण नाही, ग्रेव्हीचा जीव आहे तो, धुवून टाकलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. वूस्टरशायर घाला, एक उकळी आली की बंद.

कुकरमध्ये आधी बटाटे-गाजरं, तळाला आणि कडेने, कारण कंदमुळं मांसापेक्षा हळू शिजतात आणि ऊब भांड्याच्या बाजूने येते. तुकडे मोठे, सुपारीएवढे नको, चांगले लिंबाएवढे. त्यावर मांस, ताटात सुटलेल्या रसासकट, मग पॅनमधलं सगळं वरून, तमालपत्र आणि थाइम. बघितल्यावर वाटेल की द्रव फारच कमी आहे, मांस अर्धं उघडंच दिसतंय. बरोबर आहे. तसंच दिसायला पाहिजे. तांब्या खाली ठेवा.

लो की हाय

लो वर आठ ते नऊ तास, हाय वर पाच ते सहा. बऱ्याच जणांना वाटतं लो म्हणजे कमी तापमान आणि हाय म्हणजे जास्त, तसं खरं तर नाही, बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतात, फरक तिथे किती वेळात पोचतात एवढाच. पण लो वर मांस मधल्या तापमानातून सावकाश जातं, कोलॅजनला निवांत वेळ मिळतो, आणि दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. वेळ असेल तर लो. नऊला लावलं की साडेपाच-सहाला तयार. वॉर्म हे बटण शिजवायला नाही, शिजलेलं गरम ठेवायला आहे, एका मैत्रिणीने सकाळी चुकून त्यावर ठेवलं आणि संध्याकाळी सगळं फेकून पिझ्झा मागवला.

आणि झाकण. उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ गेली, परत तेवढं गरम व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आपल्याला ढवळल्याशिवाय, चाखल्याशिवाय चैन पडत नाही हे मला माहीत आहे, सासूबाई इथे होत्या तेव्हा त्या दर अर्ध्या तासाने झाकणाशी जायच्या, शेवटी मी त्यावर टॉवेल टाकून ठेवला.

या भांड्याचा जन्म कुठला ते माहीत आहे का? शिकागोच्या अर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाने १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये मिळालं. त्याच्या घरात गोष्ट सांगितली जायची, लिथुआनियातल्या विल्नियसच्या ज्यू वस्तीत शुक्रवारी संध्याकाळी शोलंटचं मडकं, म्हणजे मांस-बीन्स-बटाटे, बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचे, शब्बाथला चूल पेटवायची नाही म्हणून भट्टीच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. पुढे रायव्हल कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं. म्हणजे मूळ कल्पनाच अशी की ठेवायचं आणि हात लावायचा नाही. आपल्या चुलीत रात्री निखाऱ्यावर मडकं ठेवायचे त्याचाच भाऊ.

झालं की नाही कसं ओळखायचं

घड्याळावर जाऊ नका, काट्यावर जा. काटा मांसात खुपसून जरा पिळा, विरोध न करता धागे सुटले तर झालं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९६ अंश सेल्सिअस. खायला सुरक्षित ते ६३ लाच होतं, पण ६३ ला ब्लेड रोस्ट चपलेसारखा लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. सात तासांनी बघितलं, चिवट लागलं, की लोक म्हणतात जास्त शिजलं वाटतं, आणि बंद करतात. उलट आहे हो! चिवट म्हणजे अजून शिजायचंय, कोलॅजन सुटलेलं नाही, झाकण लावा आणि अजून एक तास द्या. जास्त शिजलेलं मांस चिवट लागत नाही, ते कोरडं, धागा-धागा सुटलेलं, पिठूळ लागतं. दोन्हीतला फरक एकदा जिभेला कळला की रेसिपीची गरजच पडत नाही.

आता ग्रेव्ही

काही लोक मैदा सकाळीच कुकरमध्ये घालतात, मला पटत नाही, आठ तासांत त्याची चव मळकट होते आणि किती रस सुटणार हे आधी माहीत नसतं. ग्रेव्ही सकाळी पॅनमध्ये सुरू होते आणि संध्याकाळी पॅनमध्येच संपते, मधे कुकर नुसता शिजवायचं काम करतो.

मांस आणि भाज्या हलक्या हाताने मोठ्या ताटात काढा, मांस तुटेल, तुटू दे, वर फॉइल झाका आणि पंधरा मिनिटं विसरा. खालचा रस गाळून घ्या, गाळण्यात राहिलेला कांदा चमच्याने दाबून त्याचा गर त्यातच उतरवा. पाच-दहा मिनिटांत वर चरबीचा तवंग येतो, तो डावाने काढा, सगळाच नको, चवीपुरता राहू दे. खाली अडीच-तीन कप रस मिळेल. तो पॅनमध्ये मोठ्या आचेवर उकळून दोन कपांपर्यंत आणा. याच टप्प्यावर चाखा, आधी नाही, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो.

दुसऱ्या पॅनमध्ये तीन टेबलस्पून लोणी वितळवून त्यात तीन टेबलस्पून मैदा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं, बिस्किटासारखा वास आणि रंग येईपर्यंत. इथे मी वसईहून आलेला बॉटल मसाला एक छोटा चमचा घालते, लोण्यात जरा फुलू देते. जेमतेम एक, कारण आपल्याला आमचं झणझणीत, आंबट इंद्याल करायचं नाहीये, नुसती पाठीमागून एक ऊब यायला हवी. इथली शेजारीण दरवेळी विचारते यात काय आहे, मी हसते. मसाला नसेल तर चिमूटभर मिरी आणि एक लवंग कुटून, किंवा काहीच नको.

मग गरम रस थोडा थोडा घालत सतत फेटा. एकदम ओतलात तर गुठळ्या. झाल्याच तर गाळा, कोणाला सांगू नका. चार-पाच मिनिटं मंद उकळली की चमच्याच्या पाठीला लेप धरेल, त्यावरून बोट फिरवलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. मैदा नको असेल तर कॉर्नफ्लोर, एक कप रसाला एक टेबलस्पून, आधी गार पाण्यात कालवून, उकळत्या रसात घालायचं आणि एक-दोन मिनिटांत गॅस बंद. ती ग्रेव्ही चकचकीत होते पण मला लोणी-मैद्याचीच आवडते. क्रीम घालायची असेल तर अगदी शेवटी, सकाळी कुकरमध्ये घातली तर फाटते.

सगळ्यात शेवटी एक छोटा चमचा व्हिनेगर. दिवसभर शिजलेल्या जेवणाला एक जडपणा येतो, काहीतरी कमी आहे असं वाटतं आणि माणूस मीठ घालत सुटतो, खरं तर आंबट कमी असतं.

मांसाचे जाड तुकडे धाग्याच्या आडवे कापा, किंवा काट्याने मोठे लचके काढा, अर्धी ग्रेव्ही वरून, अर्धी वाटीत टेबलावर. सोबत पाव चालतो, भात चालतो, पण नाताळच्या आसपास मी फुगे, म्हणजे मैद्याचे गोल तळलेले पाव, करते आणि मग बटाट्यांना कोणी विचारत नाही.

उरलेलं

दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. कुकरचं भांडं तसंच उचलून फ्रिजमध्ये नको, गार व्हायला फार वेळ लागतो. गरम गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये करा, स्लो कुकरमध्ये परत गरम करू नका, तेच सावकाश तापण्याचं कारण. तीन-चार दिवस टिकतं. सकाळी ग्रेव्ही जेलीसारखी थरथरत असेल तर खूश व्हा, तुकडा बरोबर घेतला होता.

सोमवारी त्याच मांसाचे बारीक धागे काढून, थोडी ग्रेव्ही, हिरवी मिरची, कांदा घालून कोरडं परतायचं आणि ते बटाट्याच्या पारीत भरून पोटॅटो चॉप तळायचे. मुलं रविवारच्या जेवणापेक्षा सोमवारच्या डब्याची वाट जास्त बघतात.

दोन-तीन सुटलेल्या गोष्टी

कुकर घरात आलाच आहे म्हणून त्यात राजमा कच्चा टाकू नका. लाल राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, गॅसवर नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास, उकळूनच मग कुकरमध्ये घालायचा.

भारतात असाल आणि म्हशीचं मटण मिळत असेल तर पद्धत हीच, फक्त त्यात चरबी कमी आणि धागा जाड असतो, म्हणून खांद्याचं घ्या, जमलं तर नळीचा तुकडा सोबत टाका, आणि लो वर एखादा तास जास्त धरा. स्लो कुकर नसेल तर जाड बुडाचं घट्ट झाकणाचं पातेलं, ओव्हनमध्ये १५० अंशांवर साडेतीन तास. प्रेशर कुकरमध्येही होतं, शिट्टी आल्यावर आच बारीक करून पाऊण ते एक तास, पाणी तिथे दीड कप लागेल कारण तिथे वाफ बाहेर जाते, आणि ग्रेव्ही वर सांगितल्यासारखीच वेगळी.

आणि इकडचा कुकर प्रेमाने बॅगेत घालून भारतात नेऊ नका. मी दिराला नेऊन दिला होता. इथली वीज १२० व्होल्ट, तिथली २३०. त्याने प्लग लावला, चार मिनिटं भयंकर जोरात काम केलं कुकरने, मग धूर. भांडं चांगलं होतं, जाऊबाई त्यात आता लोणचं मुरवतात.